एकामागून दहा

निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे याविषयी आपल्या समाजाची मते अगदी ठाम आहेत. सकाळी बागेत फेरी मारावी, तिथल्या बाकावर बसून सरकारला चार शब्द सुनवावेत, दुपारी ज्ञानेश्वरी उघडून तिच्यावरच चष्मा ठेवून डुलकी काढावी आणि संध्याकाळी नातवंडांना शाळेच्या बसपासून घरी आणावे. याहून निराळे काही केले की लोक काळजीत पडतात. मी ३५ वर्षे एका बँकेच्या खतावणीत मान घालून काढली आणि निवृत्तीनंतर जावास्क्रिप्ट शिकायला बसलो. हे कळताच माझे एक जुने स्नेही घरी आले. माझी चौकशी त्यांनी माझ्याकडे केलीच नाही. हिला बाजूला घेऊन हळूच विचारले, "वहिनी, यांना झोप वगैरे नीट लागते ना?"

झोप उत्तम लागत होती. शिकवण्याचे काम सूनबाईकडे होते. ती याच धंद्यात आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शिकवणे म्हणजे काय संकट असते हे तिला ठाऊक असणारच. पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिले नाही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुमचा सगळा जन्म याद्या करण्यात गेला. मग आपण ॲरेपासूनच सुरुवात करू. ॲरे म्हणजे यादीच."

आता ही जावास्क्रिप्ट म्हणजे कोण, हे ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपण विजेचे बिल भरतो, गाडीचे तिकीट काढतो, त्या वेळी समोरच्या पडद्यावर जी काही हालचाल होते तिच्यामागे बहुधा ही भाषा असते. नेटस्केप नावाच्या कंपनीतल्या ब्रेंडन आइक या गृहस्थांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला अवतार अवघ्या दहा दिवसांत उभा केला. दहा दिवसांत आपल्याकडे मुंजीच्या पत्रिका छापून होत नाहीत! बाळाचे नाव आधी मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि वर्षअखेरीला जावास्क्रिप्ट. त्या काळी जावा नावाची दुसरी एक भाषा फार जोरात होती. तिच्याशी हिचे नाते म्हणाल तर आडनाव सारखे एवढेच.

आणि ॲरे? सूनबाईने मला यादी म्हणून सांगितले खरे. पण माझ्या मनात त्याचे जे चित्र बसले ते पंगतीचे. ओळीने पाट मांडलेले आहेत, पाटांपुढे पाने आहेत आणि प्रत्येक पानाला आपली जागा आहे. पंगतीला एकच नाव. आत माणसे कितीही. जावास्क्रिप्टच्या पंगतीत सोवळेओवळे मुळीच नाही. एका पानावर आकडा, शेजारी एखादे नाव, त्याच्या शेजारी 'होय' किंवा 'नाही', आणि वाटले तर एका पानावर आणखी एक सबंध पंगत मांडून ठेवता येते. कुणी कुणाच्या मांडीला मांडी लावून बसावे याचा विधिनिषेध नाही. हा उदारपणा पुढे कुठे नडतो ते सांगणारच आहे.

पण पहिला अडखळा आला तो मोजणीचा. या पंगतीतला पहिला पाट शून्य क्रमांकाचा! मी म्हटले, "अगं, आयुष्यभर मी पहिल्या ओळीला एक म्हटलं. शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नाही तिथं माणूस बसवायचा कसा?"

सूनबाई म्हणाली, "आपण तळमजल्यावर बिऱ्हाडं बसवतोच की, बाबा. पहिला मजला त्याच्या वर असतो."

उत्तर बिनतोड होते. मग मलाही आठवत गेले. मूल जन्मले की आपण त्याला एक वर्षाचे म्हणत नाही. वर्षाचे व्हायला वर्ष जावे लागते. "तिसरं सरून चौथं लागलं" असे आपल्या बायका म्हणतात, त्यात सरलेले आणि लागलेले असे दोन्ही हिशेब एका वाक्यात असतात. नागपूरला तर शून्य मैलाचा दगडच उभा आहे. सर्व भाषा काही शून्यापासून मोजत नाहीत. १९५७ साली आलेली फोरट्रान एकापासून मोजत असे. शून्याची बाजू घेऊन डायक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताने १९८२ साली स्वतःच्या हस्ताक्षरात एक छोटेसे टिपण लिहिले. त्यातला मला पटलेला मुद्दा असा की, शून्यापासून मोजले म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक हा त्याच्या आधी किती जण आहेत ते सांगतो. पहिल्याच्या आधी कुणी नाही, म्हणून तो शून्य. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला याहून दुसरे काय हवे असते? "माझ्या पुढं किती?" एवढाच त्याचा प्रश्न असतो.

शून्य गळी उतरल्यावर बाकीचा प्रवास सुखाचा झाला. पंगतीच्या शेवटाला नवा माणूस बसवायचा तर 'पुश', शेवटचा उठवायचा तर 'पॉप'. ही दोन कामे एवढीच केली तर ती आपल्या आजीची उतरंड होते. जे मडके शेवटी वर चढवले तेच आधी खाली उतरते. शेवटाला माणूस घ्यायचा आणि पुढचा सोडायचा तर 'पुश' आणि 'शिफ्ट', ती झाली दुधाच्या केंद्रावरची रांग. तेच पाट, तीच माणसे. काढाघालीचा नियम बदलला की उतरंडीची रांग होते.

मौज रिकाम्या जागांची आहे. समजा, तीन पाने मांडलेली आहेत आणि तुम्ही उठून एकदम शंभर क्रमांकाच्या जागी एक पान मांडलेत. दुसरी एखादी शिस्तीची भाषा तुमचा हात धरील. जावास्क्रिप्ट चकार शब्द काढत नाही. तिला विचारा, पंगत केवढी? ती सांगते, १०१. मधल्या ९७ जागांवर पाट नाही, पान नाही, माणूस नाही. तरी लांबी १०१, कारण ती माणसे मोजत नाही, शेवटच्या क्रमांकात एक मिळवते. नसलेल्या जागी कोण आहे असे विचारले तर ती रागावत नाही, "अनडिफाइन्ड" एवढेच म्हणते, म्हणजे "ठरलेलं नाही". आपल्याकडे कचेऱ्यांतून मिळणारे उत्तर हेच असते. फक्त इतक्या सौजन्याने मिळत नाही. पंगतीला मर्यादा आहे, पण ती ४,२९,४९,६७,२९५ जागांची. आजवर कोणत्याही यजमानाची तेवढी ऐपत झालेली नाही.

पंगत म्हटली की वाढपी आलाच. पूर्वी या भाषेत वाढप्याला प्रत्येक पानापाशी "आता पुढच्या पानाशी जा" असे बजावावे लागे. २००९ च्या आवृत्तीत चांगले तयार वाढपी रुजू झाले. 'फॉरईच' हा ओळीने सगळ्यांना वाढत जातो. 'मॅप' हा प्रत्येक पानाकडे पाहून तेवढ्याच पानांची दुसरी पंगत तयार करतो. पहिलीत तांदूळ असले तर दुसरीत भात. 'फिल्टर' ओरडत जातो, "उपासाचे किती?" आणि तेवढ्यांचीच निराळी पंगत बसवतो. 'रिड्यूस' हा आचाऱ्याचा मुनीम. एकेका पानावरचा खर्च मिळवत शेवटाला एकच आकडा हातात ठेवतो. मी जन्मभर बेरजा केल्या, त्यामुळे हा मला सर्वांत जवळचा वाटला. आणि गंमत अशी की, मघाच्या त्या ९७ रिकाम्या जागा हे वाढपी आपण होऊन गाळतात. पान मांडलेले आहे पण पाहुणा ठरलेला नाही, तिथे ते थांबतात. जिथे पानच मांडलेले नाही तिथून ते पुढे जातात. कुठलाही अनुभवी वाढपी हेच करील.

एक गोष्ट मात्र मला खतावणीतला माणूस म्हणून खटकली. घरी ज्याला बंडू म्हणतात त्याला शाळेत भालचंद्र म्हणतात. बंडूचे केस कापले की भालचंद्राचेही कापले जातात. जावास्क्रिप्टमध्ये एका यादीला दुसरे नाव दिले तर दुसरी यादी तयार होत नाही. नावे दोन, यादी एकच. एका नावाने तुम्ही खोडलेत की दुसऱ्या नावाने वाचणाऱ्यालाही ते खोडलेले दिसते. त्यातून 'स्लाइस' हा यादीचा तुकडा नकलून देतो, मूळ यादीला धक्का लावत नाही. आणि 'स्प्लाइस' मूळ यादीच कापतो. अर्ध्या 'प'चा फरक! यादीला 'कॉन्स्ट' म्हणजे अढळ असे बिरूद लावले तरी अढळ राहते ते वहीचे पुठ्ठ्यावरचे नाव. आतली पाने खुशाल फाडता येतात. आमच्या बँकेत खोडायचे झाले तर तांबड्या शाईची एक रेघ मारून शेजारी सही करावी लागे, म्हणजे खालचा आकडा दिसत राही. इथे 'सॉर्ट', म्हणजे क्रम लावणे, हे काम यादी जागच्या जागी उलटीपालटी करून टाकते. आधीचा क्रम काय होता, ते विचारायची सोय नाही.

या 'सॉर्ट'ची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. ती वहीतली नाही. आमच्या जिन्यातली आहे.

आमची इमारत गिरगावातली. २४ बिऱ्हाडे, सार्वजनिक नळावर झालेल्या दोन पिढ्यांच्या ओळखी आणि पावसाळ्यात छतातून गळणारे पाणी झेलण्यासाठी प्रत्येकाची ठरलेली बादली. अखेर पुनर्विकासाचे ठरले. बिल्डर आला, नकाशे आले. जुन्या रहिवाशांना नव्या इमारतीत चार मजले, दर मजल्यावर सहा घरे. कोणते घर कुणी घ्यायचे यावर तीन सभा झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात असे काहींचे म्हणणे पडले. पण चिठ्ठी उचलणारे मूल कुणाचे, यावर एकमत होईना. शेवटी ठरले की खोलीच्या क्रमांकाने जावे. १ नंबरवाल्यांनी आधी घर निवडावे, मग २, मग ३, अशा ओळीने २४ पर्यंत. यापेक्षा सरळ न्याय कोणता? सगळ्यांनी सह्या केल्या, चहा झाला.

महिन्याभराने बिल्डरच्या कचेरीतून निवडीची यादी आली आणि जिन्याखालच्या फळ्यावर लागली. पहिले नाव १ नंबरचे. दुसरे नाव १० नंबरचे! त्यानंतर ११, १२, १३ असे १९ पर्यंत. मग कुठे २ नंबर. त्याच्यामागे २० ते २४. आणि ३ नंबरपासून ९ नंबरपर्यंतची बिऱ्हाडे सगळ्यांच्या शेवटी.

त्या संध्याकाळी जिन्यात जो आरडाओरडा झाला तसा गणपतीच्या वर्गणीवरूनही कधी झाला नव्हता. १० नंबरवाल्यांचा मेहुणा सिमेंटचा व्यापारी. झाले! "पैसे चारले" असे एकाने म्हटले, आणि रात्रीपर्यंत किती चारले तो आकडाही इमारतभर झाला. ज्यांनी एका घागरीतले पाणी वाटून प्यायले त्यांनी एकमेकांना पाहून दारे लावून घेतली. १० नंबरवाले दारात उभे राहून गळ्याची शपथ घेत होते, आणि शपथ जितकी मोठी तितका लोकांचा संशय बळावत होता.

सर्वांत शांत होत्या त्या ३ नंबरच्या काकू. वय ८० च्या घरात, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा परदेशी. गुडघे पार गेलेले आणि लिफ्टची अशी धास्ती की दवाखान्यातसुद्धा जिना चढून जातील. खालच्या मजल्यावरचे घर मिळेल या एका भरवशावर त्यांनी पुनर्विकासाच्या कागदावर सही केली होती. त्या तिसऱ्याच्या अठराव्या झाल्या होत्या. खालचे दोन्ही मजले त्यांची पाळी येईपर्यंत संपणार हे उघड होते. हिने त्यांची समजूत घालायला तोंड उघडले, तर त्याच म्हणाल्या, "माझं काय गं, मला वरच जायचंय. जितका वरचा मजला तितकं अंतर कमी."

मी फळ्यापुढे उभा राहून यादी वाचली. एक, दहा, अकरा, बारा... आणि मला माझी वही आठवली. लाच नव्हती, मेहुणा नव्हता. क्रम लावणाऱ्या यंत्राला क्रम कसा लावायचा हे कुणी सांगितलेच नव्हते.

मघाशी मी म्हटले की जावास्क्रिप्टच्या पंगतीत आकडे, नावे, वाटेल ते शेजारी शेजारी बसते. आता अशा पंगतीला नुसते "क्रमाने बसा" असे सांगितले तर तिने काय करावे? ७ मोठे की गोविंद मोठा? म्हणून ती सर्वांना समान असा एक मार्ग काढते. प्रत्येक वस्तू ती अक्षरांसारखी वाचते आणि शब्दकोशासारखा क्रम लावते. शब्दकोशात 'कप' आधी येतो, त्याच्यामागे 'कपबशी', आणि मग 'काच'. कपबशी लांबलचक आहे म्हणून तिला कुणी मागे ढकलत नाही. पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तर दुसरे. त्याच न्यायाने १, मग १०, मग ११, सगळे एकाने सुरू होणारे आधी. आणि ज्यांचे पहिलेच अक्षर ९ ते बिचारे शेवटी. यंत्राने कुणाचा पक्षपात केला नव्हता. त्याने माणसांना शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावले होते.

उपाय एका ओळीचा. 'सॉर्ट'च्या हातात तुलनेचा नियम द्यायचा: कोणतेही दोन आकडे घे, पहिल्यातून दुसरा वजा कर. उत्तर शून्याखाली आले तर पहिला पुढे, शून्यावर गेले तर दुसरा पुढे, शून्यच आले तर आहेत तसे राहू दे. हे 'आहेत तसे राहू दे' म्हणजे सारख्यांचा मूळ क्रम न मोडणे, तेसुद्धा भाषेच्या नियमात बंधनकारक झाले २०१९ साली. त्याआधी क्रोम या प्रसिद्ध ब्राउझरमध्ये दहापर्यंतच्या यादीत सारखे जागच्या जागी राहत. यादी त्याहून लांबली की त्यांची अदलाबदल होऊ शकत असे. २०१८ साली त्यांनी ती पद्धत सोडली.

इतके सगळे मला फळ्यापुढे पाच मिनिटांत कळले. पुढची गोष्ट कळायलाही वेळ लागला नाही. आमची खोली १४ नंबरची. खऱ्या क्रमाने आम्ही चौदावे. फळ्यावरच्या यादीत आम्ही होतो सहावे.

नव्या इमारतीत पूर्वेच्या अंगाला दर मजल्यावर दोनच घरे. त्यांच्या स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीला कठडा, कठड्यावर सकाळचे ऊन. हिचा सगळा संसार मागल्या गल्लीकडच्या अंधाऱ्या ओट्यापाशी गेला. भर दुपारी दिवा लावून हिने भाकऱ्या थापल्या. नकाशा पहिल्यांदा आला त्या दिवशी हिने त्या खिडकीवर बोट ठेवले होते आणि विचारले होते, "इथं तुळस जगेल ना हो?" सहाव्या क्रमांकाला ती खिडकी नक्की होती. चौदाव्याला नव्हती.

घरी येऊन मी गप्प बसलो. हिने ताट वाढले. मी दोन घास खाल्ले आणि हिला सगळे सांगितले. एक, दहा, अकरा. कप, कपबशी, काच. सहा आणि चौदा. ही ऐकत राहिली. मग आमटीचे भांडे ओट्यावर ठेवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही बोललात तर खिडकी जाणार."

"हो."

"आणि नाही बोललात तर काकू वर जाणार."

मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ही म्हणाली, "तुम्ही बोलणारच आहात, ते मला ठाऊक आहे. पण आधी भात घ्या. रिकाम्या पोटी खरं बोललं की माणूस उगाच तापतो."

दुसऱ्या दिवशी सूनबाईला बरोबर घेऊन मी त्या कचेरीत गेलो. यादी करणारा मुलगा पंचविशीचा असेल. सूनबाईने पडद्याकडे बोट दाखवताच त्याचा चेहरा उतरला. वाईट हेतू कसला असायचा! त्याने आधी आठ खोल्यांची यादी घालून पाहिले होते आणि ती अचूक लागली होती. लागणारच, नऊपर्यंत ही चूक दिसतच नाही. दहावा माणूस आला की मगच ती उघडी पडते. त्याने नियम जोडला, यादी नव्याने काढली आणि तिच्यावर सहीशिक्का घेऊन दिला.

सभेत मी खडू घेऊन फळ्यावर समजावून सांगितले. लोकांना पटले. तरी एका हुशार गृहस्थांनी सुचवलेच, "नंबरांची भानगडच नको. आडनावांप्रमाणे लावा, मराठी अक्षरक्रमानं." तिथेही खाचखळगे आहेतच. आपण शाळेत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे सर्वांच्या शेवटी शिकलो. यंत्राच्या कोष्टकात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलेला आहे, क्ष हा क च्या घरात राहतो आणि ज्ञ हा ज च्या. कोणत्या भाषेच्या रीतीने तुलना करायची ते सांगायची सोय या भाषेत आहे. पण ती आपण होऊन विचारत नाही, सांगावे लागते. सभेने हा बेत मोडीत काढला आणि खोल्यांचा क्रम कायम झाला. काकू तिसऱ्या आल्या. त्यांनी सर्वांत खालच्या मजल्यावरचे, जिन्यालगतचे घर निवडले.

सगळे गोड झाले असे मात्र म्हणवत नाही. यादी सुधारली, पण १० नंबरवाल्यांना जे बोलले गेले होते ते परत घ्यायला कुणी गेले नाही. ते दुसऱ्याचे दहावे झाले याची त्यांना फारशी खंत नसावी. "आकडा तुम्ही खोडून दिलात," ते मला जिन्यात म्हणाले, "पण मला चोर म्हणाले, ते कोण खोडणार?" मी चहाला बोलावले तर "बघू" म्हणाले. अजून ते आलेले नाहीत. पुन्हा बोलावणार आहे.

लोक मला विचारतात की इतकी साधी खोड असताना ही भाषा ती दुरुस्त का करत नाही? याचे उत्तर गिरगावच्या माणसाला तरी चटकन कळावे. जुना भाडेकरू हलवता येत नाही! जगातल्या असंख्य पानांवर आज हीच 'सॉर्ट' काम करते आहे. तिची रीत बदलली तर कुठली भिंत कोसळेल याचा नेम नाही. या भाषेच्या नियमांची देखरेख करणारी एक समिती आहे. पंगतीत पंगत असेल तर ती मोडून एक सरळ पंगत करण्याची सोय त्यांना घालायची होती आणि तिला 'फ्लॅटन' असे नाव द्यायचे ठरत होते. २०१८ साली ध्यानात आले की मूटूल्स नावाच्या एका जुन्या ग्रंथालयाने तेच नाव आधीच लावून घेतले आहे आणि नवे आले तर त्याच्यावर उभी असलेली जुनी पाने मोडतील. बरीच वादावादी झाली. थट्टेने 'स्मूश' असे नावही कुणी सुचवले. अखेर २०१९ मध्ये नव्या पाहुण्यानेच 'फ्लॅट' असे आखूड नाव घेतले आणि जुन्याला हात लावला नाही. मला हे आवडले. बिल्डर लोकांनी या समितीकडून धडे घ्यावेत.

जुने मोडायचे नाही, पण शेजारी नवे बांधायला हरकत नाही. २०२३ साली 'सॉर्ट'च्या शेजारी 'टूसॉर्टेड' आली. ती मूळ यादी जशीच्या तशी ठेवते आणि क्रमाने लावलेली नवी नक्कल देते; आधी काय होते ते कुणालाही पाहता येते. तांबड्या शाईच्या रेघेचे शहाणपण १९९५ सालच्या या भाषेत यायला २८ वर्षे लागली. आल्याबद्दल तिचे अभिनंदन. तुलनेचा नियम मात्र अजूनही आपणच द्यायचा असतो, आणि ते योग्यच आहे. कुणाला पुढे बसवायचे हे ठरवणे माणसाचे काम आहे. यंत्र ते कुरकुर न करता पाळते. पण न सांगितलेले ते आपल्या मर्जीने भरून काढते, आणि त्या मर्जीचा भुर्दंड एखाद्या ३ नंबरच्या काकूंना पडतो. म्हणून कुठलीही यादी फळ्यावर लागली की मी आपले नाव शोधण्याआधी क्रम कसा लावला आहे ते पाहतो. तुम्हीही पाहत जा.

सुधारलेली यादी लागली त्या दिवशी ही माझ्याबरोबर खाली आली होती. चौदाव्या ओळीवर बोट ठेवून तिने आमचे नाव वाचले. पूर्वेची घरे संपली होती. आम्हाला पश्चिमेचे मिळणार हे दिसत होते. जिना चढताना ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या यंत्रात पहिल्याला शून्य म्हणतात ना?"

"हो."

"म्हणजे यंत्राच्या हिशेबानं आपण तेरावे. एका नंबरानं तरी पुढं सरकलो म्हणायचं." आणि मग दोन पायऱ्या चढून गेल्यावर, मागे न बघता म्हणाली, "तुळस काय, दुपारच्या उन्हावरसुद्धा जगते."